एका अधिसूचनेने अडवलेले लाखभर प्रवेश

गरीब घरातील मुलांना खासगी शाळेत मोफत प्रवेश देणारा कायदा संसदेने केला. तो अमलात आणायचे नियम मात्र राज्ये करतात. नियमातल्या एका छोट्या दुरुस्तीने २०२४ मध्ये महाराष्ट्रातील हजारो पालकांची झोप का उडवली, त्याची ही हकिकत.

संक्रांत आटोपली की तहसील कचेऱ्यांत आणि सेतू केंद्रांत एक वेगळीच गर्दी दिसू लागते. कुणी रिक्षा चालवणारा, कुणी सोसायटीचा वॉचमन, कुणी चार घरची धुणीभांडी करणारी. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात कागद. मुलाचा जन्मदाखला, रेशनकार्ड, घरमालकाने नाखुशीने करून दिलेला भाडेकरार, कुणाकडे जातीचा दाखला, तर कुणाकडे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला. एवढी यातायात कशासाठी, तर घरासमोरच्या ज्या शाळेच्या फाटकातून आत डोकावण्याचीही एरवी हिंमत झाली नसती, त्या शाळेत पोराला पहिलीत बसवण्यासाठी, आणि तेही फी न भरता. याला सगळे 'आरटीईचा नंबर' म्हणतात. सोडतीत नंबर लागला तर चाळीत पेढे वाटले जातात.

ही काही सरकारची मेहेरबानी नव्हे. 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' या केंद्रीय कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखून ठेवायला लावल्या आहेत. या मुलांची फी शाळेने घ्यायची नाही, ती सरकारने शाळेला द्यायची. महाराष्ट्रात २०२३-२४ या वर्षी अशा सुमारे १ लाख १ हजार जागा होत्या. त्यांच्यासाठी अर्ज आले साडेतीन लाखांहून अधिक.

आणि मग आली ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना.

एक किलोमीटरची मेख

राज्य सरकारने नियमांत केलेली ही दुरुस्ती वरवर निरुपद्रवी वाटावी अशी होती. एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांचे बंधन लागू राहणार नव्हते. मुलाने त्या जवळच्या सरकारी वा अनुदानित शाळेतच जावे, असा त्याचा सरळ अर्थ.

आता महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात नजर टाका. पुणे असो, नागपूर असो की मालेगाव, एक किलोमीटरच्या टापूत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी वस्ती शोधून काढावी लागेल. खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा असतेच असते. म्हणजे कायद्याने दिलेला २५ टक्क्यांचा हक्क कागदावर शाबूत राहिला, पण तो बजावायला शाळाच उरली नाही.

गंमत अशी, की नव्या पद्धतीने 'आरटीई'खाली दाखवलेल्या जागा मात्र फुगून आठ लाखांच्या वर गेल्या, कारण त्यांत जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकांच्या शाळाही धरल्या होत्या. त्या शाळांत फी आधीपासूनच नाही आणि प्रवेशासाठी सोडतही लागत नाही. जे दार उघडेच होते, त्यावर 'प्रवेश मोफत' अशी पाटी लावण्यातलाच हा प्रकार. पालकांना तो बरोबर कळला. आदल्या वर्षी साडेतीन लाखांवर गेलेले अर्ज या वेळी लाखाचा आकडाही गाठू शकले नाहीत.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. प्रत्येक परिसरात शाळा उभी करण्याची जबाबदारी याच कायद्याने सरकारवर टाकली आहे. सरकारने शाळा बांधायची, शिक्षकांचे पगार करायचे आणि त्याच गल्लीतल्या मुलाची फी खासगी शाळेलाही द्यायची, हा दुहेरी खर्च कशासाठी? शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट दरवर्षी घसरतो आहे. सरकार स्वतःच मुले खासगी शाळेत पाठवू लागले, तर आपल्या शाळा ओस पडणार नाहीत का? प्रश्न रास्त आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत जीव ओतून शिकवणारे शिक्षकही हाच प्रश्न विचारतात.

पण शाळा ओस पडण्याचे कारण २५ टक्क्यांच्या कलमात शोधणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. जे पालक फी भरू शकतात, त्यांनी या कलमाच्या कितीतरी आधी सरकारी शाळा सोडल्या होत्या. मागे राहिले ते न परवडणारे, आणि नेमक्या त्यांच्याच वाटेत हा एक किलोमीटर आडवा घातला गेला.

न्यायालयाने काय पाहिले

पालक आणि काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी न्यायालयाने दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती रद्दच केली.

निकालाचा गाभा समजायला वकिलाची गरज नाही. कायदा संसद करते. त्यातल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी संसद ठरवू शकत नाही, म्हणून अर्ज कसा करायचा, सोडत कशी काढायची, पैसे कोणत्या हप्त्यांत द्यायचे, असले तपशील नियमांनी ठरवण्याची मुभा ती राज्य सरकारांना देते. मूळ कायद्याने जे दिले ते काढून घेण्याची मुभा त्यात नसते. बाराव्या कलमात 'जवळ सरकारी शाळा नसेल तर' अशी कोणतीही अट नाही. शाळा विनाअनुदानित आहे एवढ्यावरच तिचे कर्तव्य सुरू होते. कायद्यात नसलेली अट नियमांतून घुसडणे हे कायद्याशी विसंगत आहे आणि समानतेच्या व शिक्षणाच्या मूलभूत हक्कांशीही, असे खंडपीठाने म्हटले. शाळांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथेही ऑगस्ट २०२४ मध्ये हस्तक्षेपास नकार मिळाला.

तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. निकाल लागला तेव्हा शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. काही शाळांनी मधल्या काळात त्या जागा फी भरणाऱ्या मुलांनी भरून टाकल्या होत्या. दिलेले प्रवेश मोडू नका, पण २५ टक्के जागाही भरल्याच पाहिजेत, असा तोडगा न्यायालयाला काढावा लागला. वर्गात पाठ चार-पाच झाले, बाकांवर जोड्या जमल्या आणि त्यानंतर ही मुले दाखल झाली. सहा वर्षांच्या मुलाला यातले काय समजावून सांगायचे, हे आईबापांनी आपापले पाहून घेतले असेल.

विशेष म्हणजे अशीच दुरुस्ती शेजारच्या कर्नाटकाने २०१८-१९ मध्ये केली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती वैध ठरवली होती. केंद्रीय कायदा एकच, त्यातले कलम एकच, पण दोन उच्च न्यायालयांनी त्याचे दोन अर्थ लावले. परिणामी चंदगडच्या पालकाला जो हक्क परत मिळाला, तो तिथून तासाभराच्या अंतरावरील बेळगावच्या मराठी पालकाला त्या निकालाने नाकारलेला होता. सीमाप्रश्नाच्या चर्चेत हा मुद्दा कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

दहा वर्षांचे आश्वासन, साठ वर्षांची वाट

हा हक्क इथपर्यंत कसा आला, ते पाहिले की एका अधिसूचनेने एवढा क्षोभ का झाला हे कळते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे निवेदन दिले. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरुवात करून १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच मार्ग धरला. संस्थानिकांना जे जमले, ते इंग्रज सरकारला मात्र परवडत नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक अगदी मवाळ होते, तरी पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा कुठून आणायचा, हा तेव्हाचा आक्षेप पुढे शंभर वर्षे वारंवार ऐकू येत राहिला.

घटना समितीत १९४८ मध्ये हे कलम चर्चेला आले, तेव्हा मसुद्यातले 'प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे' अशा अर्थाचे शब्द वगळले गेले आणि उरले ते राज्याने तसा प्रयत्न करावा एवढेच. हे कलम केवळ प्राथमिक शिक्षणापुरते मर्यादित करण्याची सूचना मात्र डॉ. आंबेडकरांनी मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामाला लावायचे नाही असे घटनेतच म्हटले आहे, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पंचेचाळिसाव्या कलमाने दहा वर्षांची मुदत घातली. ती १९६० मध्ये संपली. नंतर १९६८ चे शैक्षणिक धोरण आले, १९८६ चे आले, आयोग नेमले गेले, अहवाल छापले गेले. मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नसल्याने सरकारला जाब विचारणारे कुणी नव्हते.

दार उघडले ते भलत्याच ठिकाणाहून. मीरतच्या एका विद्यार्थिनीला कर्नाटकातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयात वर्षाला ६० हजार रुपये फी सांगण्यात आली. सरकारी कोट्यातील विद्यार्थ्याला तीच फी २ हजार होती. तिने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९९२ च्या 'मोहिनी जैन' खटल्यात न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे असे सांगून टाकले. खासगी महाविद्यालयांचे धाबे दणाणले. लगेच दुसऱ्या वर्षी 'उन्नीकृष्णन' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या हक्काला मर्यादा घातली. चौदा वर्षांपर्यंत तो मूलभूत, त्यापुढे राज्याच्या आर्थिक ऐपतीप्रमाणे. दहा वर्षांच्या मुदतीऐवजी चव्वेचाळीस वर्षे गेल्यावर तरी हे कर्तव्य हक्कात बदलू नये काय, असा न्यायालयाचा सवाल होता. म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या फीवरून सुरू झालेल्या भांडणात बालवर्गाच्या मुलांची चांदी झाली.

तरीही सरकारी गाडा हलायला वेळ लागला. १९९७ मध्ये आणलेले घटनादुरुस्ती विधेयक बारगळले. डिसेंबर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि '२१ क' हे कलम आले. त्यातही, कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने हा हक्क मिळेल असे म्हटले होते आणि तो कायदाच तयार नव्हता. एकामागून एक मसुदे निघाले. २००६ मध्ये तर केंद्राने एक नमुना विधेयक राज्यांकडे पाठवून ही जबाबदारी त्यांच्याच गळ्यात बांधण्याचा प्रयत्न केला. शेवटी २००९ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. घटना लागू झाल्यापासून साठ वर्षे झाली होती.

खासगी शाळांनी लगेच आव्हान दिले. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने २५ टक्क्यांचे कलम उचलून धरले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांचे म्हणणे असे, की हक्क पुरवण्याची जबाबदारी राज्याची आहे, ती विनाअनुदानित शाळेवर ढकलता येणार नाही. ते मत अल्पमतात गेले, पण महाराष्ट्राच्या दुरुस्तीमागचा विचार त्याच्या फार लांब नव्हता.

धोरण, कायदा की जीआर?

शिक्षणाबाबत सरकारने काही 'जाहीर केले' अशी बातमी वाचली की पालक घाबरतात. पण जाहीर केलेल्या प्रत्येक गोष्टीचे वजन सारखे नसते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत शिक्षण हा राज्यांचा विषय होता. त्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. तेव्हापासून केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात आणि दोन्हींत विरोध आला तर सामान्यतः केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

धोरण ही मात्र वेगळी चीज आहे. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हा कायदा नव्हे. तामिळनाडूने ते नाकारले. ते स्वीकारायला राज्यांना भाग पाडा, अशी याचिका आली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती फेटाळली. कायद्याने जे करवता येत नाही, ते पैशाने करवता येते, हा भाग निराळा. 'समग्र शिक्षा' योजनेचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये केंद्राने अडवले, असे म्हणत तामिळनाडू त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात गेले. या ओढाताणीत त्या राज्यातील आरटीईचे प्रवेश २०२५ मध्ये वेळेवर सुरूच झाले नाहीत. आरटीईचा पैसा या धोरणाशी जोडण्याचे कारण नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाला सांगावे लागले. भांडण दिल्ली आणि चेन्नईचे, खोळंबा पहिलीतल्या मुलांचा.

आणि सगळ्यांत हलका, पण सगळ्यांत चपळ असतो तो शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा जीआर निघाला. गदारोळ उठल्यावर १७ जूनला शब्द बदलून दुसरा निघाला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा झाली. अडीच महिन्यांत तीन निर्णय. विधिमंडळात एका ओळीचेही विधेयक न मांडता हे सगळे घडले आणि निस्तरलेही गेले.

नियम आणि अधिसूचना या दोहोंच्या मधल्या. त्यांना कायद्याचे बळ असते, पण त्यांच्यावर चर्चा फारशी होत नाही. राज्याने केलेला प्रत्येक नियम विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे, असे आरटीई कायद्यातच म्हटले आहे. प्रत्यक्षात असे कागद सभागृहाच्या मेजावर येतात आणि तिथेच राहतात. एक किलोमीटरची दुरुस्ती सभागृहात विधेयक म्हणून मांडायची वेळ आली असती, तर आपापल्या मतदारसंघातल्या रिक्षावाल्यांना काय सांगायचे, हा विचार आमदारांना करावा लागला असता.

कलमांच्या फटी

न्यायालयाने अधिसूचना रद्द केली म्हणून सारे आलबेल झाले असे नाही. शाळेला मिळणाऱ्या प्रतिपूर्तीचाच प्रश्न घ्या. सरकार स्वतः एका मुलामागे जेवढा खर्च करते तेवढी, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी कमी असेल ती रक्कम द्यायची असे कलम आहे. महाराष्ट्रात हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरला होता. करोनाच्या काळात शाळा बंद म्हणून तो ८ हजारांवर आणला गेला. तेही पैसे वेळेवर येत नाहीत, अशी संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. बड्या शाळेला याने फरक पडत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या लहान इंग्रजी शाळेला मात्र थकबाकीने घाम फुटतो. मग तो राग निघतो कुणावर? कधी सहलीच्या, कधी स्नेहसंमेलनाच्या, कधी 'ॲक्टिव्हिटी'च्या नावाने पैसे मागितले जातात. प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची वा पालकांची मुलाखत घेणे याच कायद्याने दंडनीय आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड, आणि मुलाखतीबद्दल पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचे पुढे काय होते, हे अनुभवी पालक जाणतातच.

दुसरी फट अल्पसंख्याक शाळांची. ६ मे २०१४ रोजी 'प्रमती' खटल्यात घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या सर्व शाळांना, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्यातून संपूर्ण सूट दिली. त्यानंतर असा दर्जा मिळवण्यासाठी काही ठिकाणी धावपळ सुरू झाली, ती केवळ भाषा किंवा धर्म जपण्यासाठी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 'प्रमती'च्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाने फेरविचार करावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले.

तिसरी फट सर्वांत मोठी आहे आणि तिची जाणीव पालकांना उशिरा होते. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेत राहायचे तर पूर्ण फी भरावी लागते, नाहीतर आठ वर्षांचे मित्र, शिक्षक आणि माध्यम सोडून दुसरी शाळा शोधावी लागते. नव्या धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात हा कायदा तीन ते अठरा वर्षांपर्यंत वाढवा, अशी स्पष्ट शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा राहिली, पण कायदा वाढवण्याची ती शिफारस राहिली नाही.

२०२४ च्या जुलैत महिनाभर उशिराने पहिलीत जाऊन बसलेली मुले २०३२ मध्ये आठवी पार करतील. त्यांच्या नववीच्या फीबद्दल कायद्यात एकही कलम नाही.